माध्यमिक शाळेतली चित्रकला: पालक, विद्यार्थी आणि शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

सांगली, मिरज आणि साताऱ्याकडच्या शाळांमधून सातवी ते दहावीच्या मुलांच्या चित्रकलेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका कला शिक्षकाची आहेत. नियम असेल तिथे नियम सांगितला आहे. मत असेल तिथे ते मत आहे हे वाचताना कळेलच.

आमच्या मुलाला चित्र अजिबात जमत नाही. त्याला उगीच कशाला बसवायचं?

हा प्रश्न पहिली-दुसरीच्या पालकांकडून कधी येत नाही, सातवी-आठवीच्या पालकांकडूनच येतो, आणि त्याला कारण आहे. लहान मूल आईला घरापेक्षा उंच काढतं आणि खूश असतं. अकराव्या-बाराव्या वर्षी त्याला कळायला लागतं की आपण काढलेली म्हैस म्हशीसारखी दिसत नाही. डोळा पुढे गेलेला असतो, हात मागे राहिलेला असतो. नेमकं त्याच वर्षी वर्गात कोणी हसलं, की पोरगं चित्राची वही मिटतं आणि चाळिशीपर्यंत 'मला चित्र येत नाही' असं सांगत फिरतं.

'जमत नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'कसं बघायचं ते कोणी दाखवलं नाही' एवढाच असतो. घरी करून बघा. टेबलावर स्टीलचा पेला ठेवा आणि मुलाला काढायला सांगा. तो तोंडाशी लंबगोल काढेल आणि तळाला पट्टीने मारावी तशी सरळ रेघ काढेल. पेला टेबलावर सपाट बसतो हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो ठाऊक असलेलं काढतो. आता पेला हातात धरून डोळ्यांच्या रेषेत आणा. तोंडाचा लंबगोल मिटून एक आडवी रेघ उरते. पेला हळूहळू खाली न्या, तसतसा लंबगोल उघडत जातो. म्हणजे डोळ्यांपासून जितकं खाली, तितका गोल मोठा उघडतो. मग तळ तर तोंडापेक्षाही खाली आहे, त्याची कड तोंडापेक्षा जास्त वळायला हवी. हे एकदा उमगलं की बादली, कळशी, विहीर, पाण्याची टाकी, सगळ्यांचे तळ नीट बसतात.

आणखी दोन सवयी उपयोगी पडतात. पहिली म्हणजे कागदाकडे अजिबात न बघता, नजर वस्तूच्या कडेवरून सरकेल तशी पेन्सिल सरकवायची. चित्र वेडंवाकडं येतं, वर्गात हशा पिकतो, तो पिकू द्यावा, कारण आज सगळ्यांचीच चित्रं वेडीवाकडी असतात. दुसरी म्हणजे खुर्ची काढायच्या ऐवजी खुर्चीच्या पायांमधली रिकामी जागा काढायची. रिकाम्या जागेला नाव नसतं, त्यामुळे मूल मनातली खुर्ची काढत नाही, समोर दिसतं तेच काढतं.

एवढं सगळ्यांना जमतं. चित्रकार सगळे होत नाहीत, पण पोहायला येणारी सगळी पोरं तरी कुठे स्पर्धेत उतरतात?

मुलं कायम डोंगर, उगवता सूर्य, झोपडी आणि नारळाचं झाडच काढतात. काढू द्यावं का?

एकदा काढू द्यावं, मग खिडकी उघडावी.

त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि शेजारी नारळ हे दृश्य आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कुठेच नाही. आपले डोंगर लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेल्या काळ्या पाषाणाचे आहेत, म्हणून त्यांचे माथे सपाट आणि अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात. साताऱ्यातल्या मुलाने मान वर केली तर अजिंक्यतारा समोर असतो. त्याचा माथा टेबलासारखा आहे, टोकदार नाही. रोज पायथ्याशी राहून मूल त्रिकोण काढतं, कारण तो त्रिकोण त्याला कुठल्यातरी गाइडमधून मिळालेला असतो.

सांगलीच्या बाजूला डोंगर लांब, पण द्राक्षाचे मांडव आहेत. मांडवाच्या ओळीत उभं राहिलं की खांब लांब जातील तसे बुटके आणि जवळजवळ होत एका बिंदूत मिळतात. पर्स्पेक्टिव्ह शिकवायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. तारांच्या रेषा, खांब, सावल्या, सगळं त्या एका व्हॅनिशिंग पॉइंटकडे धावतं. कृष्णेवरचा १९२९ सालचा आयर्विन पूल आहे, पुराची रेघ लागलेल्या भिंती आहेत, उसाच्या ट्रॉल्या आहेत. विषय कमी नाहीत.

दुसऱ्याचं चित्र बघून काढलं तर ती नक्कल होते ना?

शिकण्यासाठी केलेली नक्कल ही जुनी आणि चांगली रीत आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या चित्रांच्या प्रतिकृती मोठमोठ्या चित्रकारांनी केल्या आणि त्यातून ते रेषा शिकले. गडबड होते ती कशाची नक्कल करतो यात, आणि ती आपली म्हणून दाखवण्यात. मोबाइलवर 'पाच मिनिटांत गुलाब' बघून काढलेल्या गुलाबातून मूल त्या माणसाच्या हालचाली शिकतं, गुलाब शिकत नाही. त्यापेक्षा एक चांगलं चित्र घ्यावं, त्यातला फक्त हाताचा पंजा किंवा साडीची घडी काढावी, खाली 'अमुक चित्रावरून' असं लिहावं. मग स्वतःचा डावा हात समोर धरून तसाच काढावा. या दोन्हींतला फरक मुलाला आपोआप दिसतो.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा द्यायलाच हव्यात का? दहावीला गुण मिळतात म्हणे.

मिळतात. कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेत 'अ' श्रेणी असेल तर दहावीला ७, 'ब' असेल तर ५ आणि 'क' असेल तर ३ वाढीव गुण अशी पद्धत आहे. एलिमेंटरीला वेगळे गुण नाहीत. प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि त्याला मुदत असते, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक नववीच्या शेवटीच कला शिक्षकांकडून बघून घ्या. दरवर्षी काही मुलांचे गुण निव्वळ कागद वेळेत न गेल्याने हुकतात.

एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (म्हणजे नक्षी, डिझाइन) आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. परीक्षा वाईट नाही. वस्तुचित्रात मांडणी, प्रमाण आणि छायाप्रकाश येतोच, आणि अक्षरलेखनाने हाताला शिस्त लागते. वाईट आहे ती तिची तयारी करायची पद्धत. स्मरणचित्रासाठी मुलांकडून दोन ठरावीक चित्रं पाठ करून घेतात, 'बाजार' आणि 'बसथांबा'. बाजाराच्या चित्रातली भाजीवाली कुठल्याही गावची असते आणि बसथांब्यावरची माणसं सगळी डावीकडे तोंड करून उभी असतात.

स्मरणचित्राची खरी तयारी आठवणी साठवण्याची आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी पोत्यावर बसलेल्या माणसाचं फक्त बसणं टिपा. गुडघा कुठे, कोपर कुठे, तराजू धरताना खांदा कोणता वर. नाक-डोळे नकोत. तासगावचा गणपतीचा रथ ओढताना माणसं दोराला लागली की पाठी कशा झुकतात ते बघा. प्रमाणाला एक साधा आधार लक्षात ठेवा: मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी, लहान मुलाची त्याहून कमी. पाठ केलेल्या चित्रांत मुलं म्हणजे आखूड केलेली मोठी माणसं असतात, आणि परीक्षकाला ते पहिल्या नजरेत दिसतं.

श्रेणी मिळवायच्या नादात सराव म्हणून वर्षभर एकच कळशी काढणाऱ्या मुलांबद्दल मला वाईट वाटतं. दहावीची सात गुणांची बेरीज मुलाला मिळाली तर छानच, पण तेवढ्यासाठी त्याच्या हातून चित्र सुटलं तर तो सौदा तोट्याचा आहे.

परीक्षेखेरीज नववी ते बारावीच्या मुलांसाठी २०१५ पासून केंद्र सरकारचा कला उत्सव होतो. त्यात द्विमितीय आणि त्रिमितीय दृश्यकला असे वेगळे प्रकार असतात. मूर्ती, खेळणी, मातीकाम करणाऱ्या मुलाला चित्रांच्या स्पर्धेत जागा नसते, त्याच्यासाठी हे दार आहे.

साहित्यावर किती खर्च करावा?

सुरुवातीला फार कमी. एचबी, २बी आणि ६बी पेन्सिल, चांगला खोडरबर, कोऱ्या पानांची वही, काळं बॉलपेन. रंगांत पोस्टर कलरची लहान पेटी पुरते, ब्रश मात्र दोनच घ्या पण बरे घ्या, एक गोल सहा नंबर आणि एक चपटा. चोवीस रंगांची पेटी आणि केस गळणारा ब्रश ही सर्वात वाया जाणारी खरेदी आहे. लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा असेल तर मूल रंग मिसळायला शिकतं. चोवीस रंग असतील तर शोधायला शिकतं.

जलरंगाला पातळ कागद चालत नाही, तो फुगतो. मोठा जाड कागद आणून चार भाग करून घ्या, स्वस्त पडतो.

औंधच्या संग्रहालयात नेऊन उपयोग होतो का? मागच्या सहलीत मुलं वीस मिनिटांत बाहेर आली.

उपयोग होतो, फक्त 'सहल' म्हणून नेऊ नका.

औंधचं श्री भवानी वस्तुसंग्रहालय १९३८ सालचं. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते उभं केलं. राजे स्वतः चित्रकार होते. रामायणातल्या प्रसंगांची चित्रं त्यांनी काढली, अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं. एका छोट्या संस्थानाच्या डोंगरउतारावर राजा रविवर्मा, बाबूराव पेंटर, धुरंधर, बंगाल शैलीची चित्रं, किरातार्जुनीयाची लघुचित्रं आणि चक्क हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्प, एवढं सगळं एका छताखाली आहे. मुंबईच्या मुलांना जे बघायला मिळत नाही ते आपल्याकडे एसटीने जाऊन बघता येतं, आणि आपण ते यमाईचं दर्शन झाल्यावर जाता जाता उरकतो.

साताऱ्याहून औंध साधारण ४५ किलोमीटर आहे. सांगलीकडून विटामार्गे जाता येतं, रेल्वेने यायचं तर रहिमतपूर जवळचं स्टेशन. सुट्टीचा वार आणि वेळ आधी फोन करून विचारा, मोठा गट असेल तर पत्रही द्या.

मला पटलेली पद्धत अशी. पहिली वीस मिनिटं मुलांना मोकळं सोडा, न थांबता सगळं संग्रहालय फिरू द्या. माहिती सांगू नका. मग प्रत्येकाने एकच कलाकृती निवडायची आणि तिच्यासमोर बसायचं. तिथे तीनच प्रश्न विचारायचे: काय चाललं आहे? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? परदेशात 'व्हिज्युअल थिंकिंग स्ट्रॅटेजीज' या नावाने हीच पद्धत संग्रहालयांत वापरतात. दुसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. 'ती बाई दुःखी आहे' असं मुलाने म्हटलं की कशावरून? मान खाली आहे, हात सैल सुटलाय, मागचा रंग काळपट आहे. मूल चित्रातल्या पुराव्याने बोलायला लागतं. हे इतिहासालाही उपयोगी पडतं आणि मराठीच्या रसग्रहणालाही, पण तो बोनस समजा.

त्यानंतर तुलना. रविवर्मांच्या तैलचित्रातल्या साडीकडे बघा: रेशमाचं वजन जाणवतं, प्रकाश एका बाजूने येतो, सावली पडते. लघुचित्राकडे या: सावली नाहीच, रंग सपाट, तरी गोष्ट कळते. मुलं हमखास विचारतात, 'मग बरोबर कुठलं?' उत्तर देऊ नका. मूरच्या शिल्पापाशी न्या आणि रविवर्मा आणि मूर यांनी माणसाच्या शरीराचं काय काय केलं आहे ते मुलांना बोलू द्या. एकाने कातडी, कापड आणि दागिना खरा वाटेपर्यंत रंगवलं, दुसऱ्याने दगडाला दगड राहू दिलं. आठवीतल्या पोरांना हा वाद झेपतो, मोठ्या माणसांपेक्षा बरा झेपतो.

आत फक्त पेन्सिल आणि वही न्या. रंग, पाणी, पेन नको. फोटोची परवानगी विचारल्याशिवाय मोबाइल बाहेर काढायचा नाही. वेळ उरला तर गावातल्या यमाईच्या देवळाची उंच दीपमाळ आहे. वर जाताना तिचा घेर कसा कमी होतो ते काढायला घ्या. पेल्याचा लंबगोल तिथे पुन्हा भेटतो, पण या वेळी डोळ्यांच्या वर.

औंध लांब पडतं. जवळ काय आहे?

साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली. अष्टकोनी विहीर, आत उतरत जाणारा जिना, कमानी, भिंतींवर वाघ आणि शरभ या काल्पनिक प्राण्याची शिल्पं. जिन्यात उभं राहून वर बघताना आणि वरून खाली बघताना तीच कमान दोन वेगळ्या आकारांची दिसते. दोन्ही काढायला लावा. काठावर बसून काढायचं, कठड्यावर नाही.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. वाड्यातली भित्तिचित्रं बघताना रंग कुठे टिकला, कुठे उडाला, ओल कुठून आली हे मुलांना शोधू द्या. त्याच भागात किकलीचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: खाली लढाई, मधे स्वर्गाकडे जाणारा वीर, वर शिवपूजा. चौकटी-चौकटींत सांगितलेली गोष्ट म्हटल्यावर मुलांना कॉमिक्स आठवतात, आणि ते चुकीचं नाही. परत येऊन आपल्या गल्लीतल्या एखाद्या साध्या माणसाचा तीन चौकटींचा 'वीरगळ' काढायला द्या. दूधवाला, आजी, कंडक्टर. या एका गृहपाठात मी मुलांना सर्वात जास्त रमलेलं पाहिलं आहे.

सांगली-मिरजेच्या मुलांनी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जावं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मुलांपैकी कितीतरी जणांनी सतार बनताना बघितलेली नसते. वाळलेला भोपळा, तून लाकडाची दांडी, तिच्यावरची पानाफुलांची नक्षी. संकल्पचित्राच्या पेपरात 'वेलबुट्टीची किनार काढा' असं सांगतात, तेव्हा ती वेल वळणावर कशी फिरवायची हे इथला कारागीर हाताने दाखवतो. कारागिरांचा वेळ म्हणजे त्यांची मजुरी असते. वीस-पंचवीस मुलांचा घोळका एकदम दुकानात घुसवू नका. पाच-सहा जणांना न्या आणि आधी विचारून न्या.

तासगावच्या गणपती मंदिराचं सात मजली गोपूर, भिलारची रंगवलेली घरं, हरिपूरचा संगम. यादी वाढवता येईल, थांबतो.

कासबद्दल एक ओळ: तिथे फुलं बघून काढायची, तोडून नाही, आणि वाट सोडून बसायचं नाही.

घरच्या वस्तूंचे रंग करून मुलांना काही शिकवता येईल का?

सांगलीत हा प्रश्न विचारायची गरजच पडू नये. हळदीला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि रंगाचा सर्वात सोपा प्रयोग हळदीचाच आहे.

बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजत घाला. सकाळी गाळून घेतलेलं डिंकाचं पाणी आणि बारीक वस्त्रगाळ हळद एकत्र घोटली की पिवळा जलरंग झाला. दुकानातल्या जलरंगातही डिंकच असतो. आता त्यातल्या थोड्या हळदीत चिमूटभर खायचा चुना घाला. पिवळ्याचा लाल होतो. घरातल्या आजीला विचारा, पूर्वी कुंकू असंच करायचे. त्या लालावर लिंबू पिळलं तर पुन्हा पिवळा. विज्ञानाच्या बाईंना बोलवा, आम्ल आणि अल्कलीचा धडा तिथेच होऊन जातो. चुना डोळ्यांत जाणार नाही एवढी काळजी घ्या.

यापुढचा भाग मात्र कोणी करत नाही, आणि तोच मोलाचा आहे. एका कागदाच्या पट्टीवर हळदीचा, गेरूचा आणि काजळीचा असे तीन पट्टे ओढा. प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि पट्टी उन्हाच्या खिडकीत आठवडाभर ठेवा. हळदीचा उघडा भाग फिका पडलेला दिसेल. गेरू आणि काजळी तशीच राहते, कारण गेरू म्हणजे लोखंडाचा गंज असलेली माती आणि काजळी म्हणजे कार्बन, ऊन त्यांचं काही बिघडवत नाही. अजिंठ्यात लाल-पिवळी माती, हिरवट माती, काजळी, चुना आणि निळ्यासाठी बाहेरून आणलेला लाजवर्द हा निळा दगड वापरला, हळद नाही वापरली, हे मग मुलाला सांगावं लागत नाही.

मुलाला लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही. चित्रकला सोडावी का?

नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे इशिहारा चाचणी करून घ्या. ठिपक्यांमधला आकडा ओळखायचा असतो, दोन मिनिटांत होते. हा दोष मुलींपेक्षा मुलांत बराच जास्त आढळतो आणि वर्गात तो बहुतेक वेळा निष्काळजीपणा समजला जातो. 'झाडाचं खोड हिरवं का रंगवलंस रे?' म्हणून ओरडा खाणारा मुलगा कदाचित दिसतं तेच रंगवत असतो.

सांगली जिल्ह्यात तर याचं नावाजलेलं उदाहरण आहे. किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. दोनेक वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंगांतला फरक कळत नाही. रंगकाम सुटलं, पण यांत्रिक रेखाटन त्यांनी पक्कं केलं, आणि पुढे नांगर आणि कारखाना उभा राहिला तो त्याच रेखाटनाच्या जोरावर. वाडीसाठी माळरान दिलं ते औंधच्या याच चित्रकार राजांनी.

वर्गात करायचं एवढंच: रंगाच्या बाटल्यांवर नावं लिहून द्या, शाई, कोळसा, पेन्सिल, मातीकाम यांना जास्त वाव द्या, आणि त्याच्या रंगांवर वर्गासमोर बोलू नका. छटा, म्हणजे गडद-फिकं, अशा मुलांना सहसा चांगली दिसते.

मोबाइल, टॅबलेट आणि एआयच्या काळात हाताने काढून काय करायचं?

मोबाइलचा एक चांगला उपयोग सांगतो. आपण रंगवलेल्या चित्राचा फोटो काढून तो कृष्णधवल करा. सगळं एकसारखं राखाडी दिसलं तर चित्रात गडद-फिक्याचा फरकच नाही. ही चूक डोळ्यांना सापडत नाही, फोनला सापडते.

एआयने चित्र बनवून स्पर्धेला पाठवणं ही फसवणूक आहे, त्यावर चर्चा नको.

चित्रकलेला गुण कसे द्यावेत? सुंदर चित्रालाच जास्त द्यायचे का?

सुंदर चित्र काढणारा मुलगा जूनमध्येही सुंदरच काढत होता. त्याला वर्षभरात तुम्ही काय दिलं? मी वहीला महत्त्व देतो. प्रत्येक पानावर तारीख, जागा आणि किती वेळ बसला ते लिहिलेलं असावं. पहिल्या पानावरची सायकल आणि मार्चमधली सायकल शेजारी ठेवली की गुण कुठे द्यायचे ते दिसतं. खोडलेल्या रेघांना गुण कापू नका. खोडणं म्हणजे मुलाने पुन्हा बघितलं.

दहावीच्या वर्षी बंद करावं का?

आठवड्यातून अर्धा तास ठेवा. त्याने टक्के कमी झालेले मी पाहिलेले नाहीत.

पुढे याच्यात शिक्षण-नोकरी काय?

बारावीनंतर बीएफए या दृश्यकलेच्या पदवीसाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते. तिच्यातही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान आहे, म्हणजे शाळेत केलेलं वाया जात नाही. बारावी कुठल्याही शाखेची चालते. १८५७ सालचं जे. जे. सगळ्यांना माहीत असतं, पण कोल्हापूरला दळवीज आणि कलानिकेतन ही कला महाविद्यालयं आहेत, सांगलीत कलाविश्व आहे. घरून जाऊन-येऊन शिकता येतं ही आपल्याकडच्या मुलींच्या बाबतीत पुष्कळदा निर्णायक गोष्ट ठरते, आवडो न आवडो. जाहिरात, वस्त्रोद्योग, अ‍ॅनिमेशन, मूर्तिकाम, हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांचं डिझाइन अशी कामं आहेत. कमाई पहिल्या काही वर्षांत बेताची असते, हे मुलाला आधीच सांगा.

आमच्या शाळेत कला शिक्षकच नाही. काय करावं?

हे दुर्दैवाने नेहमीचं झालं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की कला आणि बाकीचे विषय यांच्यात भिंत नको, आणि इकडे तासिका गणिताच्या जादा तासाला जाते. तरी मराठीच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकांना स्वतः चित्र न काढता पुष्कळ करता येतं. आठवड्यातून एकदा एकच चित्र मोठं करून भिंतीवर दाखवा आणि वर सांगितलेले तीन प्रश्न विचारा. पंधरा मिनिटं पुरतात. गावातला मूर्तिकार, पाटी रंगवणारा पेंटर, रांगोळीत हात असलेल्या बाई, गवंडी यांना वर्षातून एकेकदा बोलवा आणि काम करताना दाखवा, भाषण नको. गणपतीच्या आधी शाडूच्या मातीचा एक दिवस ठेवा. साच्यातून मूर्ती काढायला लावू नका, हाताने घडवू द्या. सोंड वाकडी झाली तरी चालते.

जवळच्या शाळेत कला शिक्षक असतील तर परीक्षेचे अर्ज आणि सराव दोन्ही शाळांनी मिळून करता येतो. मुख्याध्यापकांनी एक पत्र लिहायचं काम आहे.

स्नेहसंमेलनात चित्रांचं प्रदर्शन मांडतो. पालक येतात, 'छान छान' म्हणून जातात. काही वेगळं करता येईल?

निवडक दहा चित्रं लावायची पद्धत बंद करा, प्रत्येक मुलाचं एक तरी लावा. चित्र मुलाने स्वतः निवडायचं. खाली नाव, इयत्ता आणि चित्र कुठे बसून काढलं ती जागा: 'लिंब, विहिरीचा जिना', 'घरामागचा द्राक्षमळा', 'मिरज, सतारीचं दुकान'. चित्रं मुलांच्या नव्हे, पालकांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. बहुतेक शाळांत ती छताखाली दोरीवर वाळत घातलेली असतात.

वह्या टेबलावर उघड्या ठेवा, हाताळू द्या. पालकांना दारातच एक चिठ्ठी द्या, त्यावर दोन प्रश्न: 'तुमच्या मुलाने काढलेली जागा तुम्ही ओळखली का?' आणि 'तिथे तुम्हाला कधी न दिसलेलं काय दिसलं?' चिठ्ठी भरून मुलाच्या हातात द्यायची, शिक्षकांच्या नाही. वडील मंडळी सुरुवातीला हसून टाळतात. मग एखादा शेतकरी बाप पोराच्या चित्रातल्या मांडवाच्या तारा मोजायला लागतो आणि म्हणतो, 'आपल्या मळ्यात शेवटच्या खांबाला ताण आहे, तो काढला नाहीस.' त्या पोराला तेव्हाच्या तेव्हा पेन्सिल द्या.